उरलेल्या छर्ऱ्यांची खिरापत

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या आमच्या मराठी मंडळात भोंडल्याचा एकच नियम लिहून ठेवलेला आहे, आणि तो मी लिहिलेला आहे. खिरापत घरी केलेली हवी. विकतची आणली, तर आणणारीने त्या दिवशी पाटाजवळ उभं राहून गाणं सांगायचं नाही. मागच्या रिंगणात जाऊन नुसती साथ करायची.

हा नियम केला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रणिता होती. डोळ्यांसमोर म्हणजे खरोखरच समोर, हातात कोनबिनीतल्या, रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या, पुडिंगचे चोवीस कप घेऊन. ती इथल्या एका कंपनीत सकाळी आठला जाते आणि दिवेलागणीनंतर येते. त्या आठवड्यात तिचा शनिवारही गेला होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "अगं प्रणिता, खिरापत म्हणजे हाताची चव. ही कुणाच्या हाताची म्हणायची, दुकानाच्या?"

बायका हसल्या. प्रणिताही हसली. "बरोबर आहे तुमचं, काकू," म्हणाली आणि मागच्या रिंगणात जाऊन उभी राहिली. तिच्या मुलीने तिला जपानीत काहीतरी विचारलं. मला जपानी जेमतेम येतं, पण ते वाक्य नेमकं कळलं. "आपण काही वाईट केलं का?" असं ती विचारत होती. मी पाटावरच्या हत्तीची सोंड नीट करत राहिले. हत्ती खडूने काढलेला होता, सोंड आधीच नीट होती.

आता मी कोण ते सांगते. मी पद्मिनी, वय छप्पन्न. नवऱ्याच्या, म्हणजे विनयच्या, बँकेने आम्हाला सात वर्षांपूर्वी मुंबईहून इथे धाडलं. मंडळातल्या बाकीच्या बायका आल्या तेव्हा माझ्यासारख्याच नवऱ्यांच्या मागून आल्या, पण पाहता पाहता एकेक कामाला लागली. एक शाळेत शिकवते, एक विम्याच्या ऑफिसात आहे. मला काही जमलं नाही. माझ्याकडे होती फक्त गाणी. मिरजेला आमच्या गल्लीत हादगा असायचा, तिथे उचललेली, आणि मग स्वतःच जोडलेली. वर्षातून एका दुपारी, वॉर्डाच्या सभागृहात, पाटाजवळ उभी राहून मी पहिली ओळ सांगायची आणि पस्तीस बायका-मुलींनी ती उचलायची. त्या दुपारी मी कुणीतरी असायचे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मी भाजी आणायचे.

यंदाचा भोंडला माझा इथला शेवटचा. मार्चमध्ये विनय निवृत्त होणार आणि आम्ही परत जाणार. म्हणून उन्हाळाभर मी एक गाणं जोडत होते. निरोपाचं, पण फेर धरता येईल असं.

*जाते बाई जाते, सायकल ठेवून जाते*
*घंटी तिची वाजली तर, मी आले म्हणा*

*जाते बाई जाते, कढई ठेवून जाते*
*फोडणीचा वास आला तर, मी आले म्हणा*

अशी अकरा कडवी. वृंदाने, म्हणजे आमच्या मंडळाच्या सचिवीणबाईंनी, त्याच्या प्रतीसुद्धा काढल्या होत्या. मला त्या दिवशी एवढंच हवं होतं, की पाटाजवळ उभं राहून हे गाणं मी सांगावं. आणि त्यात आडवं येऊ शकेल असं जगात काही नव्हतं, माझ्याच नियमाखेरीज.

आणि आता जे सांगायचं ते विनयलाही त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. मी पाचिंको खेळते.

सुरुवात स्वच्छतागृहापासून झाली, हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते. स्टेशनजवळ भाजी घेऊन सायकल काढत होते, आणि जायची गरज पडली. समोर पाचिंकोच्या दुकानाचं ते झगमगीत दार. आत गेले. काय सांगू, इतकं देखणं स्वच्छतागृह मी लग्नाच्या हॉलातही पाहिलेलं नाही. कान कोरायच्या काड्या, चूळ भरायला पुदिन्याचं पाणी, फुलदाणीत खरं फूल. एवढं सगळं फुकट वापरून तसंच बाहेर पडणं माझ्या मनाला पटेना. म्हणून केवळ उपकार फेडायला एका मशीनसमोर पाच मिनिटं बसले. त्याला आता अडीच वर्षं झाली. उपकार अजून फिटतोच आहे.

खेळ काही अवघड नाही. उभी काच, काचेमागे खिळ्यांचं जंगल. मूठ उजवीकडे पिळली की सायकलच्या चाकात असतात तसले पोलादी छर्रे वर उडतात आणि खिळ्यांवर आपटत खाली येतात. नेमक्या खाचेत पडले तर मधल्या पडद्यावर मासे पोहू लागतात. तीन सारखे मासे एका ओळीत आले, की मशीनच्या अंगात येतं. दिवे, शिट्ट्या, समुद्राच्या लाटा, आणि छर्ऱ्यांचा आकडा पाण्याच्या मीटरसारखा पळत सुटतो. मी बसते ती मशीनं सर्वांत स्वस्तातली, एका येनला एक छर्रा. त्या ओळीत सगळ्या माझ्यासारख्याच असतात, गुडघे दुखणाऱ्या, पिशवीत कोथिंबीर असलेल्या.

गंमत आहे ती उठताना. छर्ऱ्यांचा आकडा एका कार्डावर येतो. ते काउंटरवर दिलं की तिथली मुलगी कमरेत वाकते आणि प्लॅस्टिकच्या डबीतल्या छोट्या सोनेरी पट्ट्या हातात ठेवते. कायद्यामुळे दुकानात पैसे मिळत नाहीत. पट्ट्या घेऊन मागच्या बोळात जायचं. तिथे भिंतीत एक बुटकी खिडकी आहे. आतला माणूस दिसत नाही, नुसता हात दिसतो. हात पट्ट्या ओढून घेतो आणि नोटा सरकवतो.

पण पट्ट्या ठरलेल्या मापाच्या, आणि आपले छर्रे त्या मापात कधी नेमके बसत नाहीत. थोडे उरतातच. पट्टी काही कुणी अर्धी तोडून देत नाही. छर्रे खिशात घालून घरी नेता येत नाहीत. मग ती मुलगी दोन्ही हात पसरून काउंटरवरच्या परड्या दाखवते आणि विचारते, उरलेल्या छर्ऱ्यांचं काय देऊ? 'अमारिदामा' म्हणतात त्या उरलेल्यांना. हा शब्द मी जपानीच्या वर्गात नाही शिकले. परड्यांमध्ये चॉकलेटं, च्युइंगम, खारी बिस्किटं, तिखट तांदळाच्या चकत्या, उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या जपानी आलुबुखाराच्या, आंबट गोळ्या. शंभर उरले तर चॉकलेट, चाळीस उरले तर लांबोडकी चघळायची गोळी, दहा-बारा उरले तर एक इवलीशी. एकदा मी घाईत नुसतीच मान डोलावली, तर तिने सुकवलेला माकूल, म्हणजे स्क्विड, दिला. तो दोन बोटांत धरून मी स्टेशनपर्यंत आले आणि एका मांजराला अर्पण केला.

खरं सांगू? मला त्या पट्ट्यांपेक्षा उरलेल्याचीच ओढ लागली. पट्ट्यांच्या नोटा होतात, आणि नोटा पुढच्या मंगळवारी पुन्हा मशीनच्या पोटात जातात. घरी येतं ते उरलेलंच. त्यातली एक गोळी मी रोज विनयच्या डब्याच्या पिशवीत टाकायचे. बाकीच्या गोळ्या स्टीलच्या उभ्या डब्यात, ओट्याच्या वरच्या फळीवर, डाळींच्या मागे.

तर भोंडल्याचा रविवार. दुपारी दोनला फेर धरायचा होता. खिरापत मी अशी योजली होती की कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये. इथल्या हिरव्या सालीच्या भोपळ्याचे घारगे, आत खसखस, वरून जपानी काळे तीळ. पीठ सकाळीच मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं. कढई चढवायला गेले, तर तेलाची बाटली तळाशी गेलेली. साडेअकरा वाजले होते. विनय पाट घेऊन आधीच सभागृहाकडे गेला होता. म्हटलं, सायकलवर दहा मिनिटांत तेल आणते.

तेलाचं दुकान स्टेशनसमोर. आणि स्टेशनसमोर आणखी काय आहे ते वर सांगितलंच आहे.

मी आत गेले ती स्वच्छतागृहासाठीच. हे मी शपथेवर सांगेन, पण माझ्या शपथेचं वजन या गोष्टीत पुढे पुढे कमी होत जाणार आहे, म्हणून राहू द्या. येताना माझं नेहमीचं मशीन रिकामं दिसलं. रविवारी ते रिकामं कधीच नसतं. मला वाटलं, निरोप घ्यावा. मार्चमध्ये जायचंच आहे. शेवटच्या महिन्यांत माणूस सगळ्यांचा निरोप घेतो.

चौथ्या मिनिटाला तीन कासवं एका ओळीत आली.

आता ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगते, की अंगात आलेल्या मशीनसमोरून उठता येत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, उजवीकडे मारा, उजवीकडे मारा. मी उजवीकडे मारत राहिले. कासवं गेली, जेलीफिश आले. जेलीफिश गेले, पुन्हा कासवं. अडीच वर्षांत माझ्याकडे ढुंकून न पाहणारा समुद्र त्या दुपारी माझ्यावर नुसता ओसंडत होता. शेजारच्या बाईंनी मला टाळ्या वाजवून दाखवल्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. घड्याळ त्या दुकानात लावतच नाहीत, आणि मनगटावर होतं ते मी बाहीखाली सारलं होतं.

समुद्र शांत झाला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

शहाणी बाई इथे कार्ड टाकून पळत सुटली असती. मी काउंटरवर रांगेत उभी राहिले. पट्ट्या घेतल्या. उरलेल्यात एक चॉकलेट, दोन तिखट चकत्या, चार आंबट गोळ्या निवडल्या, निवडल्या म्हणजे नीट विचार करून. मग मागच्या बोळातल्या खिडकीशी गेले. खिरापत चुकली तर चुकू दे, खिडकी चुकता कामा नये, असं माझ्यातल्या कुणीतरी ठरवलं होतं. ती कोण, ते मला आजही माहीत नाही. गाणी जोडते ती नव्हे एवढं नक्की.

घरी पोचले तेव्हा पिशवीत नोटा होत्या, गोळ्या होत्या, आणि तेल नव्हतं.

पीठ फडक्याखाली शांत झोपलं होतं. एक चाळीस. आता तेल आणून, तापवून, पस्तीस जणींचे घारगे तळणं शक्य नव्हतं. मी स्टुलावर चढले, डाळी बाजूला केल्या आणि स्टीलचा डबा खाली ओढला. जूनपासूनचं सगळं उरलेलं त्यात होतं. वर आजचं ओतलं, झाकण लावलं, चौकोनी फडकं बांधलं.

सायकलवर मी माझा बचाव तयार केला. नियम काय म्हणतो? विकतची आणायची नाही. ही विकतची आहे का? एक येन देऊन कुणी घेतली आहे का? नाही. नियमाचं वाक्य मीच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यातली फट मला बरोबर माहीत होती. तीन सिग्नल ओलांडेपर्यंत माझी खात्री पटली की मी निर्दोष आहे. चौथ्या सिग्नलला पुडिंगचे चोवीस कप आठवले. पण दिवा हिरवा झाला.

सभागृहात फेर धरायची तयारी झाली होती. आत मुलींचं लहान रिंगण, बाहेर बायकांचं मोठं, त्यालाच आम्ही मागचं म्हणतो, आणि मध्ये पाट. पुरुष दाराशी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते, त्यात विनय. आणि प्रणिता आली होती. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली होती मुलीला घेऊन, आणि सोबत हिराओका-सान. या तिच्या खालच्या मजल्यावरच्या आजी. प्रणिताला उशीर झाला की मुलगी यांच्याकडे जेवते. प्रणिताने रव्याचे लाडू आणले होते. एकही धड गोल नव्हता.

"काकू, हातचे आहेत," ती म्हणाली. "पहाटे उठून वळले. दिसतायत ना हातचे?"

"दिसतायत हो," मी म्हणाले आणि माझा डबा पाठीमागे धरला.

इथे आम्ही क्रम जरा बदललेला आहे. मुलींना दम निघत नाही, म्हणून खिरापत मधे, आणि शेवटचं मोठं गाणं त्यानंतर. सहा गाणी झाली. बाकीच्या खिरापती एकेक करून ओळखल्या गेल्या. लाडू तर मुलींनी वासावरूनच ओळखले. उरला माझा डबा.

"पद्मिनीताईंची खिरापत!" वृंदाने आरोळी दिली. "वाजवा, ताई."

मी डबा हलवला. आतून जो आवाज आला तो कुठल्याही पदार्थाचा नव्हता. काही खुळखुळलं, काही सरकलं, काही कागदासारखं चुरचुरलं.

"गोड की तिखट?"

"गोड."

"मग चिक्की!"

"नाही. तिखटपण आहे."

"गोड आणि तिखट? भेळ!"

"भेळ वाजते का गं अशी? काकू, आंबट आहे?"

"आंबटपण आहे."

"अहो ताई, एक काय ते सांगा ना! तळलेली आहे की भाजलेली?"

"काही तळलेली असावीत," मी म्हणाले.

"असावीत?" वृंदा म्हणाली. "तुम्हीच केलीत ना?"

मी डबा जोरात हलवला, म्हणजे माझं उत्तर ऐकू येऊ नये.

दहा मिनिटं झाली. पस्तीस जणी हरल्या. एखाद्या वर्षी हा क्षण माझ्या आयुष्याचा कळस ठरला असता. तेवढ्यात हिराओका-सान पुढे आल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेला, लहान बाळाला झोका द्यावा तसा हलवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. पुन्हा हलवला. मग तोंडावर हात ठेवून हसल्या आणि प्रणिताला जपानीत भराभर काहीतरी सांगू लागल्या. मला त्यातला एकच शब्द कळला. अमारिदामा.

मी डबा परत घ्यायला हात पुढे केला.

"काय म्हणतायत आजी?" वृंदाने विचारलं.

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. ती जपानी ऑफिसात सहा वर्षं आहे. हा शब्द तिला माहीत होता, हे तिच्या भुवयांवरून कळलं. माझ्याबद्दल तिला काय कळलं, हे माझ्या भुवयांवरून तिला कळलं असणार. तिच्या तोंडात तेव्हा एक वाक्य होतं. ते तिने बाहेर सोडलं असतं तर मी तिला दोष देऊ शकले नसते. मी तर चोवीस कपांसमोर सोडलंच होतं.

"त्यांना नाव आठवत नाहीये," प्रणिता म्हणाली. "म्हणतायत, त्यांचे यजमान दर शनिवारी खिशातून असलंच काहीबाही घेऊन यायचे. तसा आवाज येतोय."

"अय्या, किती गोड," कुणीतरी म्हणालं.

वृंदाने फडकं सोडलं आणि झाकण काढलं. रंगीत कागदांचा ढीग वर आला. मुलींनी जपानीत "यात्ता!" असा जल्लोष करून उड्या मारल्या. वृंदाने मात्र एक गोळी उचलून उलटसुलट करून पाहिली.

"ताई," ती म्हणाली, "ही तर सगळी दुकानातली."

"विकतची नाहीत," मी म्हणाले. सायकलवर हे वाक्य फार दमदार वाटलं होतं. "एकही येन देऊन घेतलेली नाहीत."

"मग आली कुठून?"

फट मी शोधून ठेवली होती. फटीच्या पलीकडे काय आहे त्याचा विचार करायचा राहिला होता. मी पाटावरच्या हत्तीकडे पाहिलं. तोही मदतीला येईना.

"शेजारपाजारच्या आज्यांनी दिलेली असणार," मागून प्रणिताचा आवाज आला. "इथल्या आज्या नाही का, दिसलं माणूस की हातात काहीतरी कोंबतात. काकूंनी स्वतः न खाता साठवून ठेवलंय. सात वर्षं राहिल्या ना इथे. सगळ्यांचं थोडं थोडं उरलेलं."

वृंदाचे डोळे पाणावले. तिचे पटकन पाणावतात. "म्हणजे या एदोगावाचीच खिरापत की हो," ती म्हणाली. "नियमात बसतं. विकतचं नाही ना? बसतं. चला चला, ताई, पाटाजवळ या. निरोपाचं गाणं."

टाळ्या पडल्या. प्रतींचे कागद वाटले गेले. रिंगणं पुन्हा जुळली, हातात हात गेले, आणि मी पाटाजवळ उभी राहिले. मला उन्हाळाभर हवी होती ती जागा, ती दुपार, ते पस्तीस चेहरे. प्रणिता बाहेरच्या रिंगणात होती, एका हाताला मुलगी, दुसऱ्या हाताला हिराओका-सान. मुलगी तिला जपानीत काहीतरी विचारत होती. काय ते या वेळी मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू न येणं जास्त वाईट होतं.

मी तोंड उघडलं. 'जाते बाई जाते' म्हणायचं होतं. चाल तीच आली. शब्द दुसरेच आले.

*गेले बाई गेले, तेलाला गेले*
*वाटेत माशांनी डोळा मारला*
*सांगा मी काय करू?*

"सांगा मी काय करू?" सगळ्यांनी सवयीने उचललं आणि फेर सुरू झाला. मग कागदात हे कुठे आहे म्हणून त्या शोधू लागल्या.

"ताई, तुम्ही मासे खाता?" वृंदा हळूच म्हणाली.

*काचेतले मासे गं, काचेतली कासवं*
*उजवीकडे मार म्हणाली, मारत बसले*
*सांगा मी काय करू?*

*घारग्यांचं पीठ माझं फडक्याखाली झोपलं*
*दहा मिनिटांची दुपार झाली*
*सांगा मी काय करू?*

आता फेर मंदावला. दोघी-तिघींना कळलं होतं, कारण त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक तर खुदकन हसली. मला वाटतं तिचीही सायकल कधीतरी तिथे उभी असते.

*विकत नाही घेतली गं, रांधली तर नाहीच नाही*
*पाचिंकोच्या छर्ऱ्यांचं उरलंसुरलं*
*डब्यात भरून आणलं बाई*
*सांगा मी काय करू?*

या वेळी कुणीच उचललं नाही. फेर थांबला. सभागृहात फक्त गोळ्यांचे कागद सोडल्याचा आवाज. मुलींना गाण्याच्या अर्थात रस नव्हता. दाराशी विनय एक खुर्ची अर्धी मिटून उभा होता. वृंदाचं तोंड उघडं होतं आणि डोळे अजून पाणावलेलेच होते, ते परत कसे घ्यावेत हे तिला कळत नसावं.

मग बाहेरच्या रिंगणातून, जरा चढ्या सुरात, उत्तर आलं.

*मागं या हो मागं या, मागच्या रिंगणात या*
*नियम तुमचा, तुम्हीच पाळा*
*आम्ही काय करू?*

प्रणिता. चेहरा अगदी गंभीर, फक्त नाकपुड्या थरथरत होत्या. मग "आम्ही काय करू?" असा जो गलका उठला, तो हिराओका-सान यांनीही हात उंचावून उचलला, अर्थ न कळता.

"काकू, खरंच या," ती जवळ येऊन म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी नियम कोण मानणार?"

"पण तू मघाशी खोटं का बोललीस गं?"

"मी कुठे खोटं बोलले? 'असणार' म्हटलं, 'आहेत' नाही म्हटलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या रिंगणात उभं राहिलं ना, की घरी जाईपर्यंत कानात साथच घुमत राहते, काकू. शेवटच्या वर्षी तुमच्या वाट्याला ते नको, असं वाटलं मला."

मी माझ्या हातातला कागद तिला दिला. "सांग तू गाणं."

"चाल नीट येत नाही मला."

"आत्ता कडवं जोडलंस तेव्हा बरी आली."

मी बाहेरच्या रिंगणात तिच्या जागी गेले. एका हाताला तिची मुलगी, दुसऱ्या हाताला हिराओका-सान. आजींनी माझा हात दाबला आणि कानाशी येऊन सावकाश, मला कळेल अशा जपानीत विचारलं, "समुद्राचं मशीन का?" मी मान डोलावली. "मंगळवारी गर्दी कमी असते," त्या म्हणाल्या.

प्रणिताने गाणं फार वरच्या सुरात धरलं. तिसऱ्या कडव्यात तिचा गळा चिरकणार हे मला पहिल्याच ओळीला कळलं, पण पाटाजवळच्या बाईला मागच्या रिंगणातून सूर सांगायचा नसतो. फेर सुरू झाला. आणि आमचं रिंगण दाराशी यायचं तिथे विनय उभा होता.

*सायकल ठेवून जाते...*

"म्हणजे तेल आणलंच नाहीस," पहिल्या फेरीला विनय म्हणाला.

"मी आले म्हणा," मी साथ केली आणि पुढे गेले, कारण फेर थांबत नाही.

*कढई ठेवून जाते...*

"माझ्या डब्याच्या पिशवीत रोज एक गोळी असते ती," दुसऱ्या फेरीला तो म्हणाला.

"तीच."

"अडीच वर्षं?"

पण तोवर मी पुढे गेले होते. पूर्ण फेरीभर मला त्याची पाठ दिसत राहिली. त्याने ती खुर्ची पुन्हा उघडली होती आणि पुन्हा मिटत होता. अडीच वर्षांचे मंगळवार त्याच्या डोक्यात एका ओळीत येत असणार.

"ऑफिसात मी सगळ्यांना सांगायचो," तिसऱ्या फेरीला तो म्हणाला. "बायको रोज निवडून देते. कधी आंबट, कधी गोड. मूड बघून."

"निवडूनच द्यायचे," मी चालता चालता मान वळवून म्हणाले. "उरलेल्यातून."

प्रणिताचा गळा ठरल्याप्रमाणे चिरकला. मुली हसल्या, ती स्वतःही हसली, आणि तिथूनच पुढे तिने खालचा सूर धरला. माझ्याहून बरा.

चौथ्या फेरीला आम्ही दाराशी आलो तेव्हा विनयचा एक गाल फुगलेला होता. त्याच्या बोटांत दुसरी गोळी होती, सोललेली, उमेबोशीची. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"आ कर," तो म्हणाला. "डब्यात एवढीच उरली होती."

आंबट गोळी तोंडात धरून 'मी आले म्हणा' नीट म्हणता येत नाही. मागच्या रिंगणात ते चालून जातं.